स्लॅब झाला की येतो

या ग्रुपवर मी तीन वर्षं नुसती वाचक आहे. खरं सांगायचं तर वाचक कमी आणि कुचाळक्या करणारी जास्त. कोणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी ते नवऱ्याला नाट्यमय आवाजात वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो. पेशाने मी सिव्हिल इंजिनिअर. हातोडीने ठोकून बघता येतं तेवढंच खरं, असा माझा एकूण स्वभाव. सत्यनारायणाच्या पूजेत माझं लक्ष शिऱ्याकडे असतं. आता मीच इथे लिहायला बसले म्हटल्यावर हसायची पाळी तुमची... हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

माझे वडील, अण्णा, फलटणला गवंडी होते. कंत्राटदार वगैरे नाही, हातात थापी घेऊन काम करणारे गवंडी. उजव्या अंगठ्याचं टोक तरुणपणीच दगडाखाली गेलेलं, त्यामुळे तो अंगठा आखूड आणि चपटा, नखच नाही. शाळेच्या सुट्टीत ते मला साइटवर न्यायचे आणि माझं काम ठरलेलं — स्लॅबला पाणी मारणं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काँक्रीट ओतून झालं म्हणजे काम झालं असं नसतं. पुढचे पंधरा दिवस त्याला सतत ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते तडकतं आणि कायमचं कच्चं राहतं. अण्णा म्हणायचे, "नवा स्लॅब म्हणजे बाळंतीण गं. पहिले दिवस जपलं तर जन्मभर पाठ दुखत नाही."

त्यांची पद्धतही त्यांची स्वतःचीच. चपला खाली जिन्यापाशी काढायच्या. पहिली ओंजळ स्लॅबच्या कोपऱ्यात सोडायची, मग ओली बोटं डोळ्यांना लावायची आणि मगच कामाला लागायचं. पाणी साठावं म्हणून स्लॅबवर सिमेंट-वाळूची छोटी आळी करायची, दीड हात लांब, दीड हात रुंद. बाकीचे गवंडी खाटेएवढी मोठी आळी करतात, म्हणजे काम लवकर उरकतं. अण्णांचं म्हणणं, मोठं आळं एका जागी फुटलं की सगळं कोरडं पडतं. प्रत्येक आळ्याच्या कोपऱ्यात बांध पक्का बसावा म्हणून ते अंगठा दाबायचे. हे सगळं मी जसंच्या तसं उचललं. इंजिनिअर झाल्यावरही स्लॅबवर चप्पल घालून जात नाही आणि ओली बोटं डोळ्यांना लावते. मिस्त्री हसतात, हसू देत.

माझा नवरा अभिजित बँकेत. त्याची बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही मुलीला, सईला, घेऊन न्यू टाउनला राहायला आलो, जानेवारीत. मी घरी बसणाऱ्यातली नाही. दोन महिन्यांत मला बागबाजारमध्ये एका छोट्या प्रोमोटरकडे (इथे बिल्डरला प्रोमोटर म्हणतात) साइट इंजिनिअरची नोकरी मिळाली. न्यू टाउनला सगळं आखीवरेखीव, काचेचं. बागबाजार म्हणजे अगदी दुसरं टोक. तिथे गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. आणि तरी त्या गल्ल्यांमध्ये दर चौथं घर पाडून पाच मजल्यांची इमारत उभी राहते आहे. आमचीही त्यातलीच एक.

ती जागा माशीमांची. माशीमा म्हणजे मावशी, इथे वयस्कर बाईला अशीच हाक मारतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं दोन मजली घर होतं, हिरव्या खिडक्यांचं. मुलगा बंगळूरला. त्याने आग्रह करकरून कागदांवर सह्या घेतल्या, घर पाडलं आणि बदल्यात पहिल्या मजल्यावर गल्लीच्या बाजूचा फ्लॅट मिळणार होता. तोवर माशीमा बरोबर समोरच्या घरात भाड्याच्या खोलीत राहत होत्या. दिवसभर खिडकीत. आमच्या साइटवर काय चाललंय ते माझ्याआधी त्यांना कळायचं.

मी मराठी आहे हे कळल्यावर त्या खूप हसल्या. मराठे चालून येतील म्हणून इथे कोणे एके काळी मोठा खंदक खणला होता आणि तो बागबाजारपासूनच सुरू व्हायचा. त्यामुळे मी गेटमधून आत आले की वरून हाक यायची, "ओ बोर्गीर मेये!" म्हणजे बर्गी मराठ्यांची पोर. "तुम्हाला अडवायला आम्ही खंदक खणला आणि आता तूच येऊन आमच्या दारात खड्डे खणतेस!" (माझं बांगला आणि त्यांचं हिंदी दोन्ही मोडकं. इथे सगळं मराठीतच लिहिते.)

पण एकदा चहा पिताना त्या वेगळंच बोलल्या. त्यांचे यजमान त्याच घरात गेले होते, नऊ वर्षांपूर्वी. म्हणाल्या, "घर पाडलं त्याचं मला काही नाही, जुनंच झालं होतं. पण ते कधी आले तर? हिरव्या खिडक्या शोधतील. सापडणार नाहीत. आणि मी त्या फ्लॅटमध्ये जाईपर्यंत तरी टिकेन का गं?"

मी कप खाली ठेवला. "दोन वर्षांत फ्लॅट देते तुम्हाला, माझा शब्द," एवढं म्हटलं. नवी सून असल्यासारखं उगीच पुढे पुढे करत शब्द देऊन बसले.

वैशाखात अण्णांचा फोन आला, "तुझं कोलकातं बघायला यावं म्हणतोय." मीच म्हणाले, "आत्ता नको अण्णा, नुसता खड्डा आहे. काय बघणार?" ते म्हणाले, "तेही खरंय. स्लॅब झाला की येतो. पहिलं पाणी मी मारणार, कुणाला हात लावू देऊ नकोस." त्यानंतर अकराव्या दिवशी अण्णा गेले. झोपेतच. मी विमानाने गेले, सगळं उरकून परत आले आणि साइटवर उभी राहिले. तो खड्डा बघितला की मला स्वतःच्या जिभेचा राग यायचा. अजूनही येतो.

आता माझी चूक सांगते. पहिल्या मजल्याचा स्लॅब — म्हणजेच माशीमांच्या घराची जमीन — आश्विनात टाकायचा होता. मी कॅलेंडर काढलं आणि पंचमी धरली. आपल्याकडे नवरात्रात काम थांबत नाही. उलट चांगले दिवस म्हणून नव्या कामाला हात घालतात आणि खंडेनवमीला थापी-ओळंब्याची पूजा करून दसऱ्याला फार तर अर्धा दिवस सुट्टी. हाच हिशेब डोक्यात. इथे दुर्गापूजेत षष्ठीपासून दशमीपर्यंत अख्खं शहर काम सोडून रस्त्यावर येतं, हे मी ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं. माझी ती पहिलीच पूजा. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, "होए जाबे, दीदी." स्लॅब टाकायचं होऊन जाईल, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पुढच्या पंधरा दिवसांचं मी विचारलंच नाही आणि त्याने सांगितलंच नाही.

पंचमीला स्लॅब झाला, सुरेख झाला. षष्ठीच्या सकाळी बघते तर साइटवर एक माणूस नाही. सगळे रात्रीच्या गाडीने आपापल्या गावी. प्रोमोटर सहकुटुंब पुरीला, फोन बंद. मी कपाळावर हात मारून घेतला. उरला होता फक्त वॉचमन निमाईदा, पन्नाशीचा, सुंदरबनकडचा. मी आणि त्याने मिळून स्लॅबवर गोणपाटं अंथरली, ओली केली, वर दोन ड्रम काठोकाठ भरून ठेवले. आळी करायला वेळ झाला नाही. "उद्या मी येतेच, तोवर तुम्ही पाणी मारत राहा," म्हटलं. तो म्हणाला, "चिंता कोरबेन ना." काळजी करू नका.

मी उद्या गेलेच नाही. त्या संध्याकाळीच मला हुडहुडी भरून ताप चढला. डेंगी. सप्तमी ते दशमी मी बिछान्यात, हाडं कुणीतरी पिळतंय असं वाटत होतं. अभिजित एकीकडे माझे रिपोर्ट आणतोय, एकीकडे सहा वर्षांच्या सईला सांभाळतोय. मी शुद्धीत येऊन विचारायची, "पाणी मारलं का?" तो म्हणायचा, "मारलं, निमाईदाशी बोललो." साफ खोटं! निमाईदाचा फोन सप्तमीपासून लागत नव्हता. अभिजितला ते माहीत होतं, पण मला सोडून अष्टमीच्या गर्दीत बागबाजारला जाणार कसा? त्याचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

अष्टमीच्या दुपारची एक गोष्ट. खाली सोसायटीच्या मंडपात ढाक वाजत होता. माझे डोळे मिटलेले. कपाळावर एक तळवा टेकला — ओला, गार, खरखरीत — आणि ओल्या सिमेंटचा वास आला. तो वास मी हजारांत ओळखेन. मला इतकं बरं वाटलं की मी झोपून गेले. मागाहून अभिजितला विचारलं तर तेव्हा तो स्वयंपाकघरात सईला वरणभात भरवत होता. तापात होतं असं काहीही, म्हणून मी ते सोडून दिलं.

दशमीला ताप उतरला तेव्हा अभिजितने खरं सांगितलं. पूजेत पावसाचा एक थेंब नाही, रोज कडक ऊन — सगळं शहर त्यावर खूश आणि माझा स्लॅब चार दिवस कोरडा! तडे गेले असतील तर तोडावा लागणार, पुन्हा उभारायला सहा-आठ महिने. नोकरी जाईल ती जाईल. माझ्या डोळ्यांसमोर खिडकीतल्या माशीमा होत्या. मी त्यांना शब्द दिला होता.

एकादशीच्या सकाळी अभिजितचा हात धरून मी साइटवर गेले. गेटला कुलूप, माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. निमाईदा नव्हताच. पंपाच्या खोलीलाही कुलूप आणि ती किल्ली फक्त त्याच्याकडे. चपला सवयीने खाली जिन्यापाशीच काढल्या.

वर आले आणि बघतच राहिले. सगळा स्लॅब पाण्याने भरलेला. गोणपाटं घडी करून एका बाजूला ठेवलेली. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आळी... छोटी छोटी, दीड हात लांब, दीड हात रुंद. दोन्ही ड्रम मी सोडले तसेच काठोकाठ भरलेले.

अभिजित म्हणाला, "बघ, निमाईदाने केलं सगळं. उगीच घाबरलीस." मी खाली बसले आणि पहिल्या आळ्याचा कोपरा बघितला. अंगठ्याचा ठसा होता, आखूड, चपटा. दुसऱ्या कोपऱ्यात तसाच. तिसऱ्यातही. मी माझा अंगठा त्यात ठेवला तर माझं नख बाहेर राहिलं. तिथे पाण्यात बसून मी जी रडले ती अण्णा गेले तेव्हाही रडले नव्हते.

समोरच्या खिडकीतून हाक आली. माशीमा उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे गेले, बिजोयाचा, म्हणजे दशमीनंतर थोरांना करतात तो, नमस्कार केला, त्यांनी माझ्या हातावर नारळाचा लाडू ठेवला. मग म्हणाल्या, "उनि एशेछिलेन." ते आले होते. नवऱ्याचं नाव त्याही घेत नाहीत. "चारही दिवस. उजाडताना यायचे, पाणी घालत बसायचे. मी इथून बघितलं."

"कसे दिसत होते?" मी विचारलं.

त्यांनी मला निरखून बघितलं. "जसे होते तसेच," म्हणाल्या. "घर सापडलं त्यांना."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं. नऊ वर्षं वाट बघणाऱ्या बाईला मी काय सांगू, की ते तुमचे नव्हते, माझे होते? मी म्हणाले, "हो माशीमा. तेच असणार."

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी विचारून झालंय. निमाईदा द्वादशीला आला तो आल्या आल्या रडायलाच लागला. सप्तमीला पहाटे त्याच्या मुलीच्या कळा सुरू झाल्याचा निरोप आला आणि तो कुलूप लावून तसाच पळाला होता. तिकडे मोबाइलला रेंज नाही. पंपाची किल्ली त्याने कनवटीतून काढून दिली. नात झाली होती, त्यामुळे मला धड रागावताही आलं नाही. पाड्यातल्या, म्हणजे गल्लीतल्या, क्लबच्या मुलांना विचारलं. ती म्हणाली, "दीदी, आम्ही केलं असतं तर मंडपातल्या माइकवरून सांगितलं नसतं का?" इतर मिस्त्री गावाला, आणि तशी आळी इथे कोणी करतच नाही. फोटो काढले आहेत, पण फोटोत पाणी चमकतं, ठसे कळत नाहीत. अभिजितचं मत, शेजारच्या साइटवरच्या कोणा भल्या माणसाने केलं असेल. असेल. हातोडीने ठोकून बघितला तर स्लॅबचा आवाज खणखणीत. पंधरा दिवसांनी आळी फोडावी लागली. त्यातला एक कोपरा, साबणाच्या वडीएवढा, माझ्या कपाटात आहे.

इमारत पुरी झाली. दिलेल्या शब्दापेक्षा काही महिने उशिरा, पण झाली आणि माशीमा टिकल्या. यंदा फाल्गुनात त्यांचा गृहप्रवेश होता. दूध उतू घालवलं, पाहुणे जेवून गेले. मी निघाले तर त्यांनी हात धरून खिडकीपाशी बसवलं. आता या बाजूच्या खिडकीत.

"एक खोटं बोलले होते तुझ्याशी," त्या म्हणाल्या. "पूजेच्या वेळचं. ते आमचे नव्हते."

मी खांद्याची पर्स खाली ठेवली.

"पन्नास वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा ग्लास घेतला नाही, स्लॅबला पाणी कुठून घालणार? आणि उजाडताना उठणं तर सोडूनच दे." त्या हसल्या. "मी खिडकीत त्यांचीच वाट बघत होते, चारही दिवस. आले नाहीत. आला तो दुसराच माणूस, बारका, डोक्याला टॉवेल. वहाणा खाली काढून आला. एक ओंजळ कोपऱ्यात सोडली आणि ओली बोटं डोळ्यांना लावली. या अख्ख्या पाड्यात असं एकच माणूस करतं. मी रोज बघायची ना तुला."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"केवढीशी झाली होतीस आजारपणाने! पांढरीफटक. तुझा बाप मेल्यावर इथे येऊन बसतो असं सांगितलं असतं तर जिन्यातच पडली असतीस. म्हणून म्हटलं, आमचे. आणि तूही लगेच हो म्हणालीस!"

मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकवलं. म्हटलं, "पण तुमचे आले नाहीत हे तुम्ही दोन वर्षं मनात ठेवलंत."

"नाही गं. उलट तेव्हापासून मला शांत झोप लागते." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझा बाप या शहरात कधी आला नव्हता. भाषा येत नाही, गल्ली माहीत नाही, आणि वाटेत आमचा खंदक! तरी लेकीचं काम अडलं तर बरोबर दारात आला. मग आमच्यांना त्यांचाच पाडा सापडणार नाही? आळशी आहेत, वेळ लागेल. पण येतील."

यातलं काहीही मला समजावून सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर खाली लिहा, मी वाचेन, वाद घालणार नाही. एवढंच सांगते की जुनं घर पाडताना माशीमांच्या यजमानांच्या नावाची संगमरवरी पाटी निघाली होती. नव्या चकचकीत गेटवर ती शोभणार नाही, असं प्रोमोटरचं म्हणणं. त्या दिवशी मी खाली उतरले, निमाईदाकडून थोडं सिमेंट कालवून घेतलं आणि गेटशेजारी, रस्त्यावरून येणाऱ्याला आधी दिसेल अशा ठिकाणी, ती पाटी स्वतःच्या हाताने बसवली. माशीमा वरून बघत होत्या. चारही कोपऱ्यांत मी अंगठा दाबला आणि मग पहिली ओंजळ पाणी मारलं.